आभाळातली स्टेशनं

आमच्या गल्लीत कुणी गेलं, की रडण्याचा पहिला भर ओसरायच्या आत कुणीतरी म्हणायचं, "गार्डमामाला बोलवा." डॉक्टर येऊन, मान हलवून गेलेला असायचा. तरी माणूस खरंच गेलं असं गल्लीला वाटायचं ते मामा येऊन बाजेवर टेकले म्हणजेच. बायका बाजूला सरकायच्या, पुरुष जवळ यायचे आणि मामा खिशातून चष्मा काढत विचारायचे, "कोण कुटं हाय?"

कसा गेला, कधी गेला, काय दुखत होतं, यातलं एक अक्षर ते विचारत नसत. थोरला कुठं आहे, लेकी कुठं दिल्यात, भाऊ कोणत्या गावी, एवढंच. कुणी सांगायचं, एक लेक सोनपेठला, एक पुण्याला, धाकटा हैदराबादला कामाला. मामा डोळे मिटायचे, ओठ जरा हलायचे. मग म्हणायचे, पुण्याची पोरगी सगळ्यात उशिरा येईल, उद्या साडेअकरा, तोवर कुणी घाई करायची नाही. झालं. माती साडेअकराला. ती वेळ बदलायची हिंमत घरच्यांत नसायची आणि विहारातल्या भंतेजींनीही कधी दाखवली नाही.

किसनराव खंदारे हे त्यांचं नाव, पण ते पगाराच्या कागदावर आणि लग्नपत्रिकेतच असायचं. मालगाडीचे आणि पुढे पॅसेंजरचे गार्ड म्हणून ते रिटायर झाले, तेव्हा मी पूर्णेला नुकतीच सून म्हणून आले होते. उंच, काटकुळे, अंगात पांढरा बुशशर्ट, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. शेवटच्या डब्यातून वाकून पुढे बघण्यात जन्म गेल्यामुळे मान कायम थोडी डावीकडे. रस्त्यानं चालतानासुद्धा ते पुढच्या माणसाच्या पलीकडे काहीतरी बघत चालायचे.

कुणालाही "बरं हाय का" असं ते विचारत नसत. "कवा निघालात?" हा त्यांचा रामराम आणि हाच जयभीम. मी मानवतहून पहिल्यांदा सासरी आले तेव्हा पाया पडायला गेले, तर डोक्यावर हात ठेवायच्या आधी हेच विचारलं. मी म्हणाले, सकाळी. "सकाळी म्हंजी किती?" मला रागच आला. मी शाळेत शिकवणारी बाई, मला असं फळ्यापुढं उभं केल्यासारखं कुणी विचारलं नव्हतं. शांतामामी आतून पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे ग पोरी. माज्या लग्नात आमचं वऱ्हाड ह्यांच्या दारात आलं, तर ह्यांनी माज्या बापाला आधी गाडी येळंवर होती का ते इचारलं. मग मला बघितलं."

पण चेष्टा करावी आणि हाताशीही धरावं, असा तो माणूस होता. निम्मी गल्ली रेल्वेची. पोरं शिकली ती नोकऱ्यांसाठी पांगली, लेकी लांब दिल्या गेल्या. कुणी गेलं की घरच्यांच्या डोक्यात धूर असतो. लांबच्याला वाटतं माझ्यासाठी थांबले नाहीत, जवळच्याला वाटतं किती ताटकळत ठेवलं. मामा आले की दोघांचीही तोंडं बंद. वेळ मामांनी दिली आहे, मग बोलायचं काय? पलीकडच्या आळीतले मराठ्यांचे लोकसुद्धा, ज्यांच्या घरी मामांना चहा वेगळ्या कपातून मिळाल्याचे दिवस फार जुने नव्हते, ते फोन करून विचारायचे, गार्डसाहेब, आमच्या म्हाताऱ्याची वेळ सांगा. मामा सांगायचे. त्या कपाची आठवण त्यांनी कधी काढली नाही, पण त्या आळीत चहा मात्र कधी घेतला नाही.

एकदा आमच्या शेजारचे आजोबा गेले. मोठा जावई मानवतला. त्याला सकाळपासून फोन चाललेले, आणि तो दर वेळी म्हणे, निघालो, रस्त्यातच आहे, आता फाटकापाशी आलो. लोक तिरडी बांधून उभे. मामांनी फोन हातात घेतला, दोन वाक्यं ऐकली आणि शांतपणे म्हणाले, "पावणे, कुकरची आनखी एक शिट्टी हू द्या. निवांत जेवा. तुमच्यासाठी दोन वाजता ठेवलंय." फोन ठेवून सगळ्यांना म्हणाले, बसा. जावई दोनला पाच मिनिटं कमी असताना आला, आणि मामांच्या समोरून जाताना त्यानं डोक्यावरचा रुमाल डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. त्या दुःखातही बायका पदराआड हसल्या. आजोबांची लेक मात्र नवऱ्याच्या मागून धावत आली आणि बापाच्या तोंडावरून हात फिरवत बसली. मामा माझ्या नवऱ्याला म्हणाले, जावई गेला खड्ड्यात, पण त्याला सोडून उचललं असतं तर पोरीचं राहिलं असतं ना.

तोंड बघणं. सगळं त्यासाठी होतं. तोंड बघितल्याशिवाय माती व्हायची नाही, हा मामांचा एकच कायदा. त्याचं कारण शांतामामींनी मला पुढे कधीतरी पापड लाटताना सांगितलं. मामांचे वडील गेले तेव्हा मामा मालगाडीवर होते. गाडी कुठल्याशा आडगावच्या स्टेशनात क्रॉसिंगला उभी राहिली ती राहिलीच. निरोप मिळाला होता, पण गाडी टाकून जाता येत नव्हतं. गावी पोचले तेव्हा राख गरम होती. मामी म्हणाल्या, "मग वरीसभर आईच्या तोंडाकडं बघून बोलले न्हाईत. जमिनीकडं बघून बोलायचे." मला तेव्हा ते फक्त एक दुःख वाटलं होतं. त्यातून एवढा मोठा माणूस घडलाय, आणि त्याच जागी तो मोडणार आहे, हे कुणाला ठाऊक?

मामांच्या समोरच्या घरात गयाबाई राहायच्या. त्यांचा नवरा मामांच्या हाताखाली होता, तो लवकर गेला. गयाबाईंनी शिवणाच्या मशीनवर मिलिंदला शिकवलं. मिलिंद इंजिनिअर झाला, पुण्याला गेला आणि तिथून टोरांटोला. बाई बुटक्या, चष्मा नाकावरून सारखा घसरायचा, तो बोटानं वर ढकलत बोलायच्या. मामांना भाऊ म्हणायच्या. संध्याकाळी दोन्ही घरांची माणसं ओट्यावर बसली की रोजचा एक सवाल ठरलेला असायचा. "भाऊ, माजा मिल्या किती लांब हाय वो?"

मामांनी नवा फोन घेतला होता. त्यांना लिहायचा कंटाळा, ते फोनला तोंडानंच विचारायचे. पोलिसानं जबाब घ्यावा तसं ते फोनला दरडावायचे, "परभणी ते टोरांटो, इमानात बसून, किती?" आणि फोन उत्तर द्यायचा. साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, पंधरा तास. परभणीहून टोरांटोला विमान जात नाही याच्याशी त्या फोनला घेणंदेणं नव्हतं. तो आपला नकाशावर दोरा ताणून लांबी सांगायचा आणि लांबीला वेगानं भागून वेळ द्यायचा. मामांना ते आवडायचं. त्यांच्या जन्मभराच्या हिशेबासारखाच तो हिशेब होता. मग ते गयाबाईंना समजेल असं करून सांगायचे, "हितनं ममईला बावीस खेपा. तेवढं लांब."

गयाबाई चष्मा वर ढकलायच्या. "तेवढ्या खेपा तर तुमी नोकरीत किती येळा मारल्या आसतील. मग ह्यो का यीना एक बी?"

मामा फोन खिशात टाकायचे. मिलिंद वाईट मुलगा नव्हता, हे सांगायला हवं. रोज आईशी बोलायचा. तिकडे घर घ्यायचं चाललं होतं, रजा जमत नव्हती, पुढच्या जयंतीला नक्की येतो म्हणत तीन-चार जयंत्या गेल्या. आईनं कधी त्याच्या नावानं बोटं मोडली नाहीत. ती फक्त अंतर विचारायची. जणू रोज विचारल्यानं ते थोडं कमी होणार होतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एका पहाटे गयाबाई गेल्या. झोपेतच. शांतामामी दूध द्यायला गेल्या तेव्हा कळलं. मामा आले, बाजेवर बसले, आणि "कोण कुटं हाय" असं विचारायला तोंड उघडून तसेच थांबले. विचारायचं काय होतं? गयाबाईंच्याच फोनवरून त्यांनी मिलिंदला निरोप दिला. तिकडे त्याची संध्याकाळ होती. दोन-तीन तासांनी त्याचा फोन आला, मागे विमानतळाचा गलका. तो एवढंच म्हणाला, "मामा, तिकीट मिळालं. बसायलोय. मायला ठिवा. मी यायलोय." मामा म्हणाले, "तू निघ. मी हाय."

मग मामांनी हिशेब केला. पंधरा तासांचं विमान. परभणीला विमानतळ नाही, तेव्हा ते हैदराबादला धरलं. तिथून गाडीनं पूर्णा सहा-सात तास. गार्डच्या सवयीनं त्यांनी वरून आणखी थोडं टाकलं. माझ्या नवऱ्यानं विचारलं, मामा, विमान मधे कुठं थांबत असेल तर? रेल्वेत चाळीस वर्षं काढलेला माणूस, कुठल्या स्टेशनात किती वेळ जातो, कुठं क्रॉसिंग लागतं, हे झोपेत सांगणारा. त्यांनी त्याच्याकडे कीव करावी तसं बघितलं आणि म्हणाले, "आभाळात स्टेशन कुटं आसतंय रे?"

कुणालाही यात काही चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही. उद्या सकाळी अकरा, असं ठरलं. सगळीकडे निरोप गेले. नांदेडहून फ्रीजर आला, काचेचं झाकण असलेली पेटी, त्यात गयाबाईंना ठेवलं. मामा पेटीच्या उशाला बसले ते बसलेच. मी चहापाण्याचं बघत होते. मला मेलेल्या माणसाचं तोंड बघवत नाही, लहानपणापासूनच. म्हणून मी एकदाच पेटीपाशी गेले, पाया पडले आणि लगेच मागे वळले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. सोनपेठकडून, मानवतकडून, खेड्यापाड्यांतून माणसं आली होती, गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मिलिंदचा नंबर मामांनी उतरून घेतला होता, पण त्याचा फोन बंद. मामा म्हणाले, गाडीत असेल, डोंगरात फोन लागत नाही. बारा वाजले. एक वाजला. दुपारी लाईट गेली आणि फ्रीजर गप्प झाला. बर्फाच्या लाद्या आणून गोणपाटात गुंडाळून ठेवल्या, त्यांचं पाणी दारातून वाहत गल्लीत आलं. लोक त्या पाण्यावरून पाय उचलून चालत होते. मामा दर थोड्या वेळानं नाक्यापर्यंत जायचे, रस्त्याकडे वाकून बघायचे आणि परत यायचे.

चार वाजले तसे म्हातारे पुढे आले. बायांना परतीच्या गाड्या धरायच्या होत्या. उन्हाळ्याचे दिवस, बर्फ पुरेना. दिवस मावळल्यावर नको, असं सगळ्यांचंच म्हणणं. कुणीतरी विचारलं, "मामा, आनखी किती?"

मामांनी चष्मा चढवून फोन काढला. ते फोनकडे बघत होते. त्यांनी पुन्हा त्याला विचारलं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, परभणी ते टोरांटो. फोननं पुन्हा तेच सांगितलं. पंधरा तास. मला तो फोन त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावासा वाटला. दिवस कलला, उजेड पिवळा झाला, आणि मामा उभे राहून म्हणाले, "उचला."

मिलिंद आला तो त्याच्या पुढच्या सकाळी. भाड्याच्या गाडीतून गल्लीच्या तोंडाशी उतरला. आमच्या उन्हाळ्यात अंगावर जाडजूड कोट, तो काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. आभाळात स्टेशनं असतात. कुठल्याशा मुलखात त्याला दुसरं विमान धरायचं होतं आणि ते यायला अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ होता. तो तिथं बाकावर बसून होता. तिथून त्यानं कळवलंही होतं, किती वाजता कुठं पोचतो ते सगळं, पण कळवलं होतं आईच्या फोनवर. निरोप त्याच फोनवरून आला होता, आणि वर्षानुवर्षं त्याची बोटं त्याच नंबरावर जात होती. तो फोन चार्जिंग संपून गयाबाईंच्या उशीखाली पडलेला होता. मेलेल्या बाईच्या फोनवर कुणी काही पाठवेल हे गल्लीत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मामा दारातच उभे होते. मिलिंदनं रिकाम्या ओट्याकडे बघितलं, ओल्या गोणपाटांकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. ओरडेल, रडेल, गळा धरेल, असं आम्हाला वाटलं. त्यानं फक्त विचारलं, "कुणी ठरवलं?"

"मी," मामा म्हणाले.

मिलिंदनं मान हलवली आणि आत गेला. मयतीनंतरचा जलदान विधी होईपर्यंत तो राहिला. सगळ्यांशी बोलला, मामांशी नाही. शांतामामी डबा नेऊन द्यायच्या, तो निमूटपणे खायचा. निघायच्या दिवशी घराची किल्ली माझ्याकडे द्यायला आला, आपला नंबर दिला, आणि जाता जाता दारात थांबला. "ताई, माय कशी दिसत होती वो?"

मी काय सांगणार? मी बघितलंच नव्हतं. मी म्हणाले, झोपल्यावानी. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला कळलं, हे त्याला प्रत्येकानं सांगितलं आहे, याच शब्दांत, आणि यातल्या कुणाच्याही बोलण्यात त्याची आई नाही. तो गेला. नंतर पूर्णेला आला नाही.

मामांनी वेळ सांगणं सोडलं. लोक बोलवायला यायचे, ते म्हणायचे, ज्याला कळतं त्याला विचारा. मयतीला जायचे, पण गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी ओट्यावर बसायचे, आत येत नसत. एकदा मीच म्हणाले, मामा, आत चला ना. ते म्हणाले, "नगं बाई. ती बघती." मी विचारलं, कोण बघतं? ते उठून घराकडे निघून गेले.

रिकाम्या घराकडे पाठ करून बसणं त्यांना जमेना. संध्याकाळी ओट्यावर बसले की समोरच्या बंद दाराकडे तोंड करून बसायचे, आणि गयाबाईंच्या सवालाची वेळ झाली की आपोआप फोन हातात घ्यायचे. आता त्यांना सगळं कळायला लागलं होतं. कोणतं विमान कुठं उतरतं, मधे किती तास बसावं लागतं, रात्रीचं कोणतं सुटलं तर दुसरं कधी. सोनपेठ ते सिडनी, पूर्णा ते लंडन, जिथं कुणाचंच कुणी नव्हतं तिथले हिशेबही ते करायचे. आमच्या डोक्यावरून संध्याकाळी एक-दोन विमानं जातात, फार उंचावरून, मागे पांढरी रेघ ठेवत. मामा मान डावीकडे वाकवून ती रेघ विरेपर्यंत बघायचे. एकदा म्हणाले, "ह्याच्यात कुणी आसंल, ज्याच्या घरी थांबलेत. न्हाईतर थांबले न्हाईत."

आणखी एकदा मी भाजी निवडत बसले होते, तर अचानक त्यांनी विचारलं, "तितं बसायला चांगली खुर्ची आसती का ग? पोरगं येवढा टाइम बसलं." मला रडू आलं. मी म्हणाले, असते मामा, मोठी खुर्ची असते. मी तरी कुठं बघितली होती? शांतामामी आतून ऐकत होत्या. पूर्वी त्यांनी दोन टोमणे मारले असते. त्या दिवशी त्यांनी चहा आणून ठेवला आणि नवऱ्याशेजारी बसून राहिल्या.

मागच्या पावसाळ्यानंतर मामांना दम लागायला लागला. दिवाळीपर्यंत ते बाजेवरून उठेनासे झाले. परभणीला दिलेली त्यांची लेक येऊन राहिली होती. डॉक्टर म्हणाला, घरीच राहू द्या. एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, मिल्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव. तोंड दिसतं तसा लाव.

मी त्यांच्यासमोर लावला नाही. आधी मिलिंदला लिहून विचारलं. दोन दिवस उत्तर आलं नाही. मामा काही विचारत नव्हते, पण मी दारात दिसले की त्यांची नजर माझ्या हाताकडे जायची. तिसऱ्या दिवशी मिलिंदचा एक शब्द आला. लावा.

आमची संध्याकाळ, त्याची सकाळ. लेकीनं मामांना उशांना टेकवून बसवलं. मी फोन त्यांच्या समोर धरला. मिलिंद दिसला. कानशिलावर पांढरे केस आलेले, मागे खिडकीत बर्फाचा पांढरा उजेड. मग मामा म्हणाले, "मिल्या, वळखलास का?"

"वळखलं मामा."

"तुज्या मायचं तोंड तुला बघायला मिळालं न्हाई. मी बघितलं, शेवटपस्तोर. तुला सांगायचं ऱ्हायलंय."

मामा श्वास घेत घेत, थांबत थांबत सांगू लागले. पांढरी साडी होती, बारीक निळ्या काठाची. केस शांतानं विंचरले होते, मधे भांग पाडून. नाकावर चष्म्याचे दोन वण होते, ते गेले नाहीत. खालचा ओठ जरा आत ओढलेला, दोरा तोडताना ती ओढायची तसा. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते. मी फोन धरून उभी होते, आणि ज्या तोंडाकडे मी बघितलं नव्हतं ते आता मला दिसत होतं. पलीकडे मिलिंद स्क्रीनच्या इतका जवळ आला होता की त्याचं फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते.

"डावा डोळा उगडा होता," मामा म्हणाले. "येवढा." त्यांनी दोन बोटांत अंतर दाखवलं. "बाया मनल्या, मिटवा. मी मनलं, ऱ्हाऊ द्या, तिला रस्ता बघायचाय, पोरगं यायलंय. दोन दिस तसाच ठिवला. काचंतून बघायची ती. मी तिच्यासंगं बोलत होतो, आता यील मनत होतो. मग उचलायची येळ झाली. लोक मनले, उगडा डोळा घेऊन न्यायचं नस्तंय." ते थांबले. लेक पाणी घेऊन पुढे आली, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. "मी मिटवला. मिटना. धरून ठिवावा लागला."

शांतामामींनी पदर तोंडाला लावला होता. एवढी वर्षं त्या एका बाजेवर या माणसाशेजारी झोपत होत्या, आणि हे त्यांनाही माहीत नव्हतं. मला वाटलं, आता मिलिंद फोन ठेवेल. त्यानं ठेवला तर या माणसाचं काय होईल, याचीच मला भीती वाटत होती.

मग मिलिंदचा आवाज आला. "कोणत्या हातानं, मामा?"

"उजव्या."

"दाखवा."

मामांनी उजवा हात उचलला. त्यांनी डाव्या हातानं मनगटाला आधार दिला आणि तळवा फोनसमोर धरला. मिलिंद बघत राहिला. पापणीही लववत नव्हता. हात खाली येईल म्हणून लेक आधार द्यायला पुढे झाली, पण मामांनी तिला जवळ येऊ दिलं नाही. हाताच्या आडोशामुळे त्यांना स्वतःला फोन दिसत नव्हता. त्यांनी मला हळूच विचारलं, "बघायलाय का आजून?"

मी म्हणाले, "बघायलाय, मामा."

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि हात तसाच धरून बसले.